ग्लँड गळलीच पाहिजे

पाटीवर नाव भाईदासचं आणि आत काम अनुसयाचं. सुरतेच्या गोडादऱ्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोंडानं कोणी म्हणत नसे. भाईदास शिरपूरकडचा. तरुणपणी गावोगावच्या विहिरींवर पंप बसवत हिंडला, मग सुरतेत आला, डाइंगच्या मिलमध्ये फिटर झाला आणि पुढे नोकरी सोडून त्यानं पंपदुरुस्तीचं स्वतःचं दुकान टाकलं. हाताला असा गुण होता की बंद पडलेला पंप त्याला लांबून बघूनच सुरू होतो, अशी लोक थट्टा करत. त्याच हाताला लकवा मारून गेला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली, कान तेवढे शाबूत राहिले. तेव्हापासून दुकानाच्या तोंडाशी खाटेवर तो, आणि मागे वाइसच्या, म्हणजे लोखंडी शिकंज्याच्या, टेबलाशी पाना घेऊन त्याची बायको.

मोटारीच्या कॉइली भरायचं काम अनुसया आधीपासून करत होती. ते घरबसल्या चालतं, त्याला कोणी नावं ठेवत नाही. पंप मात्र ती खाटेवरच्या माणसाच्या तोंडून शिकली. तो अडखळत सांगायचा, ती हातानं करायची, आणि चुकलं की तो डाव्या हातानं खाटेच्या लाकडावर टकटक वाजवायचा. हळूहळू टकटक कमी झाली. पुढे पुढे तर चालू केलेला पंप तो नुसता ऐकायचा आणि डोळे मिटायचा, म्हणजे झालं.

गिऱ्हाइकाची रीत मात्र काही बदलली नाही. माणूस यायचा, पंप अनुसयाच्या टेबलावर ठेवायचा, आणि वळून खाटेसमोर उभा राहायचा. काय बिघडलं, कधी मिळेल, सगळं खाटेला विचारायचं. भाईदास अनुसयाकडे बघायचा, ती मान हलवायची, मग तो सांगायचा, ‘परवा’. अरे बाबा, जिचे हात कोपरापर्यंत तेलात आहेत तिच्याशी बोल की! पण नाही. बाईमाणसाला पंपातलं विचारायचं म्हणजे गिऱ्हाइकाचीच अब्रू जायची जणू. अनुसयाला त्याचं वाईट वाटायचं, खोटं कशाला बोला. पण नवऱ्याचं नाव त्यानं टिकतंय एवढ्यावर ती गप्प राहायची.

भाईदासचे काही नेम होते आणि ते अनुसयाला हरिपाठासारखे पाठ होते. सगळ्यात मोठा नेम ग्लँडचा. पंपाची दांडी जिथून बाहेर येते तिथं पाणी अडवायला चरबी लावलेली दोरी ठासून भरतात आणि वरून नटानं दाबतात, तिला ग्लँड म्हणतात. नवशिका माणूस ही ग्लँड पार कोरडी होईस्तोवर आवळतो आणि स्वतःच खूश होतो. मग दांडी तापते, दोरी जळते, दांडीला चर पडतात आणि मालक शिव्या देतो. भाईदास म्हणायचा, कोरडी ग्लँड दांडी खाते. ग्लँड थेंब थेंब गळलीच पाहिजे. अनुसया कुठलाही पंप चालू केला की आधी खाली वाकून तो थेंब बघायची. थेंब पडला की तिला बरं वाटायचं.

आता राघोचं सांगितलं पाहिजे. राघो हा भाईदासचा धाकटा भाऊ, लिंबायतला लूमच्या कारखान्यात मुकादम. राघो वाईट माणूस असता तर सगळं सोपं होतं, पण तो वाईट नव्हता. भावाचं औषधपाणी बघायचा, सणाला कापडं आणायचा. त्याचं एकच म्हणणं होतं, की आता हे दुकान पुरे. भाऊ गावी राहावा, मोकळ्या हवेत बसावा, वहिनीनं त्याची सेवा करावी. दुकानाच्या गाळ्यात तो स्वतः साडीच्या भरतकामाची मशीनं टाकणार होता. आणि त्याच्या पोटात आणखी एक दुखणं होतं. भाऊबंदकीत लोक हसतात, म्हणायचा, भाईदासची बायको पुरुषमाणसांच्या मोटारी उघडून बसते म्हणून. श्रावणात खानदेशी देवी कानबाईच्या रोटांना, म्हणजे नैवेद्याच्या जेवणाला, सगळे भाऊबंद एकत्र येतील, तेव्हा काय ते ठरवून टाकू, असं तो सांगून बसला होता. भाईदास यावर हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. अनुसयाला रात्री झोप लागायची नाही ती त्याच्या या गप्प राहण्यानं. मुलगी ज्योती नंदुरबारला सासरी सुखात होती, गावच्या घरात कोणी नव्हतं, आणि गावी जाऊन खाटेशेजारी नुसतं बसून राहायचं या विचारानंच तिचा जीव गुदमरायचा.

अशात एक दिवस मगनभाई टेम्पो घेऊन दारात उभा राहिला. मगनभाई तापीवरचा नावाडी. नदीवर कॉजवेचा बंधारा झाला आणि वरच्या अंगाला पाणी साठून राहायला लागलं तेव्हापासून तो लोकांना नावेतून फिरवायचा. दमणच्या कुणाकडून तरी त्यानं एक जुनी वॉटर स्कूटर आणली होती, तीच टेम्पोत होती. गल्ली गोळा झाली. पुढे स्कूटरसारखं हँडल, बूड नावेचं, आणि मागे ना चाक, ना पंखा, नुसतं एक भोक. एक म्हातारा म्हणाला, याला ढकलायला माणूस वेगळा ठेवावा लागत असेल.

मगनभाई अर्थातच खाटेसमोर जाऊन उभा राहिला आणि आपल्या गुजराती-हिंदीत रडगाणं सांगू लागला. थोडे दिवस तापीत पळाली, आता इंजिन गर्जतं, पण गाडी जागची हलत नाही. दोन मेकॅनिकांनी इंजिन उघडून लावलं, काही उपयोग नाही. शौकासाठी असती तर पडू दिली असती. पण गेल्या साली कानबाईच्या विसर्जनाला एक बाई ओवाऱ्यावरून, नदीच्या घाटावरून, घसरून ओढीत गेली होती. वल्ह्याची नाव घेऊन मगनभाई पोचला तेव्हा तिचे नुसते केस वर दिसत होते. वाचली ती तिच्या नशिबानं. यंदा नदी आणखी भरलेली आहे, मंडळवाल्यांनी सांगितलंय की स्कूटर पाण्यात तयार पाहिजे. त्या दिवशी तिथं उतरणाऱ्या बाया तुमच्याच खानदेशी बाया आहेत, मिस्त्री, एवढं म्हणून तो थांबला.

भाईदासनं असलं यंत्र जन्मात पाहिलं नव्हतं. त्यानं डावा हात झटकला.

“हाई आपलं काम नही,” तो म्हणाला. “लई जाय म्हन.”

राघो त्या दिवशी तिथंच होता. तो हसला आणि मगनभाईला दुसरा पत्ता सांगू लागला. तेवढ्यात अनुसया टेबलामागून उठली, टेम्पोत चढली आणि स्कूटरच्या मागच्या भोकात तिनं मनगटापर्यंत हात घातला. मग आडवी पडून तिनं बूड पाहिलं. खाली जाळी होती. जाळीतून पाणी वर ओढायचं आणि मागच्या भोकातून जोरानं फेकायचं, त्या धक्क्यानं गाडी पुढे. तिनं मान बाहेर काढली आणि नवऱ्याला सांगितलं, की ज्योतीचे बाबा, हा पंपच आहे. आडवा घातलाय एवढंच. नवऱ्यानं एकदा नाही म्हटल्यावर ती पहिल्यांदाच त्याच्या शब्दाबाहेर जात होती. मगनभाईला तिनं गाडी उतरवायला सांगितली.

राघोचं हसू गेलं. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण, तो म्हणाला. आणि नाही चालली तर काय करणार ते सगळ्यांसमोर सांगून ठेवा. अनुसयालाही चेव चढलाच होता.

“कानबाईना विसर्जनले हाई तापीमा नही पळनी, तं मी सोता कुलूप लावसू,” ती म्हणाली. “किल्ली तुम्हना हातमा.”

बोलून झाल्यावर तिला उमगलं, आपण दुकानच पणाला लावलं. पण तोंडातून गेलेला शब्द आणि पंपातून गेलेलं पाणी, परत कुठून आणायचं? तिनं पदर खोचला.

गाडी कुशीवर आडवी करून तिनं आधी खालची पट्टी आणि जाळी काढली. मग सुकाणूची तार सोडवली. पंप चार बोल्टांवर होता, पण बोल्ट खाऱ्या हवेनं असे धरून बसले होते की घासलेट पाजून, घण हलका हलका मारून, पुन्हा घासलेट पाजून ते एकेक करून सुटले. एक मोडला. त्याला भोक पाडून तो बाहेर काढण्यात तिचा सगळा दिवस गेला आणि तोंडातून चार शिव्या गेल्या, त्या इथं लिहीत नाही. शेवटी पंप मागे सरकून हातात आला आणि आतली इंजिनाची लांब दांडी उघडी पडली.

दांडीवर सूत होतं. नुसतं थोडंथोडकं नव्हे, मनगटाएवढं जाड, वेगवेगळ्या रंगांचं, साडीच्या कडेची कातरलेली चिंधी आणि जरीचे तुकडे, सगळं पीळ पडून, तापून, वितळून दगड झालेलं. सुरतेची खाडी जे गिळते ते तापीत येतं, आणि तापीत आलेलं या जाळीनं ओढून घेतलं होतं. गुलाबी तुकडा बघून अनुसयाला वाटलं, हा राघोच्याच कारखान्यातला असेल. तिनं ते पात्यानं सोलून काढलं. सुताच्या गाठीनं बोटीच्या अंगातून दांडी जिथून शिरते तिथलं पाणी अडवणारं रबरी सील फाडून टाकलं होतं. आणि आतल्या पंख्याभोवती जी रिंग असते तिला वाळूनं बोट जाईल एवढे चर पाडले होते. म्हणजे पंखा फिरतोय, पण पाणी त्याच्या कडेनं मागल्या मागे परत पळतंय. इंजिन बिचारं गर्जेल नाही तर काय करेल?

भाईदास खाटेवरून सगळं बघत होता. दोन दिवस रुसून होता, मग राहवलं नाही. पंखा सुटत नव्हता तेव्हा त्यानंच अडखळत सांगितलं, की पंखा चालताना ज्या अंगानं फिरतो त्या अंगानं आवळला जातो, उलट ताकद लाव. तिनं उधन्याच्या सुकदेवकडून लेथवर खाचांचा एक तुकडा कातून आणला होता, तो दांडीच्या जागी बसवून, लांब पाइप लावून ती त्यावर उभी राहिली. कडाक करून पंखा सुटला. भाईदास हसला. त्याचं अर्धंच तोंड हसायचं, पण अनुसयाला ते पुरायचं.

नवी रिंग सुरतेत मिळणार नव्हती. सुकदेव लूमचे नायलॉनचे बुश कातायचा, त्याच नायलॉनच्या जाड ठोकळ्यातून रिंग काढू, असं अनुसयानं ठरवलं. सुकदेव म्हणाला, आत्ताच नेमक्या मापाची करून देतो. ती म्हणाली, नको. नायलॉन पाणी पिऊन फुगतं. मिलमधल्या एका पंपाचा बुश असाच फुगून दांडीला आवळून बसला होता, ते ती विसरली नव्हती. तिनं रिंग ओबडधोबड कातून घेतली, बादलीत बुडवून ठेवली, फुगायची तेवढी फुगू दिली आणि मगच शेवटचं माप काढलं. मापाला तिच्याकडे मोठी साधनं नव्हती. भाईदासच्या छातीच्या जुन्या एक्सरेची एक पट्टी आणि करवतीचं एक पातं, एवढंच. पंखा आणि रिंग यांच्या फटीत फिल्म जावी, पातं जाऊ नये. सगळीकडून फिरवून बघितलं. फिल्म जात होती, पातं अडत होतं. पंप आणि बोटीचं बूड जिथं भिडतात तिथं तिनं सील करायचा गम भरभरून लावला, कारण गावच्या विहिरीवर ती लहानपणापासून बघत आली होती, की पाण्याच्या वाटेत हवा शिरली की पंप नुसता बोंबलतो.

राहिलं ते फाटलेलं सील. तसलं सील बाजारात मिळेना. मग तिनं त्या जागी ग्लँड केली. चरबीची दोरी कापली, कडी करून ठासली, नट दाबला. आणि बादलीनं पाणी ओतून, हातानं दांडी फिरवून, वाकून बघितलं. थेंब पडला. अजून एक पडला. तिनं खाटेकडे बघितलं, भाईदासनं डोळे मिटले.

वाचणाऱ्यांपैकी जे हुशार असतील त्यांच्या लक्षात आलंच असेल. तिथं जमलेल्या एकाच्याही आलं नाही.

ओवाऱ्यावर चाचणीला अर्धी गल्ली गेली. राघोही आला. मगनभाई बसला, इंजिन पेटलं, आणि गाडी अशी काही सुटली की ओवाऱ्यावरचे कपडे धुणारे उठून उभे राहिले. मागून पाण्याचा फवारा, पुढे नाक वर. अनुसयाच्या डोळ्यांत पाणी आलं. मगनभाईनं पलीकडच्या काठापर्यंत एक फेरी मारली, दुसरी मारली, तिसरीला निघाला. तिसऱ्या फेरीला गाडीचं ढुंगण जड वाटू लागलं. नाक आणखी वर गेलं, आवाज बसला, मग इंजिन खोकलं आणि गप्प झालं. बघता बघता मागची बाजू पाण्याखाली गेली आणि मगनभाई हँडल धरून पोहू लागला. त्याच्याच माणसांनी नाव नेऊन गाडी दोरानं ओढत काठाला आणली.

झाकण उघडलं तर आत विहीर. तेवढ्या पाण्यात इंजिन बुडून बसलेलं. अनुसया त्या पाण्याकडे बघत राहिली आणि एकदम तिच्या कानशिलात मारल्यासारखं झालं. मिलच्या पंपाची ग्लँड गळते ती बाहेर, फरशीवर, गटारात. इथं ग्लँडचं ‘बाहेर’ म्हणजे बोटीचं आत. हातानं दांडी फिरवताना पडणारा थेंब इंजिनाच्या वेगात धार झाला होता. ज्या थेंबानं तिला बरं वाटायचं, त्याच थेंबानं गाडी बुडवली. नेमानंच घात केला होता, आणि तो नेम तिनं एकदाही तपासून पाहिला नव्हता, कारण तो नवऱ्याचा होता. मागून कोणीतरी म्हणालं, बाईच्या हातचं काम. तिनं झाकण लावलं आणि दुकानाची वाट धरली.

राघो तिच्या आधी दुकानात पोचला होता. त्यानं आवाज चढवला नाही, उलट समजुतीनंच बोलला. वहिनी, शब्द तुमचाच होता, तो म्हणाला, आणि त्यानं किल्लीसाठी हात पुढे केला. अनुसयानं कमरेची किल्ली सोडली. लाज तिला गाडी बुडाल्याची नव्हती एवढी, आपण न बघता केलं याची होती. तिनं भाईदासला सगळं सांगितलं, ग्लँड, थेंब, आत साठलेलं पाणी. 

भाईदासनं सगळं ऐकून घेतलं. मग डाव्या हातानं त्यानं खाटेच्या लाकडावर टकटक केली. चुकलं की करायचा तशीच, पण या वेळी स्वतःसाठी.

“नेम मन्हा व्हता,” तो राघोला म्हणाला. “बुडना तो नेम. ती नही बुडनी.” आणि दम घेऊन म्हणाला, विसर्जन अजून व्हायचंय.

राघोनं हात मागे घेतला. शब्द विसर्जनाचाच होता, हे त्यालाही नाकारता येईना. तो निघून गेल्यावर अनुसया खाटेशी बसली आणि नेहमीसारखं तिनं विचारलं, आता काय करायचं?

“माले माहीत नही,” भाईदास म्हणाला. “तूच देख.”

इतक्या वर्षांत हे वाक्य तिनं त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आधी ती घाबरली. पाठीमागची भिंत कुणी काढून घेतल्यासारखं तिला वाटलं. मग तिनं डोळे पुसले आणि किल्ली पुन्हा कमरेला अडकवली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं खाटेला काही विचारलं नाही. दांडीचं माप दोऱ्यानं घेतलं आणि रिंग रोडच्या बाजारात दुकानं पालथी घातली. दुकानदार कुठल्या गाडीचं सील पाहिजे विचारायचे. ती म्हणायची, गाडीचं नाव सोडा, ही जाडी बघा. स्कूटरची, रिक्षाची, लूमच्या गिअरची, सगळी सीलं तिनं दोऱ्याशी लावून बघितली. शेवटी लूमच्या गिअरचं सील बरोबर बसलं. भाईदासला रबराच्या सीलांचा तिटकारा. रबर म्हणजे उधारीची नोकरी, आज आहे उद्या नाही, असं तो म्हणायचा. अनुसयानं एक नाही, दोन घेतली. सुकदेवकडून सीलाच्या घरट्याला आतून कातून जागा करून घेतली. एका सीलाचं तोंड पाण्याकडे, दुसऱ्याचं इंजिनाकडे, आणि मधल्या पोकळीत ग्रीस ठासून भरलं. पाणी आलं तर पहिल्यानं अडवावं, त्यातून आलं तर ग्रीसनं, आणि तरी आलं तर दुसऱ्यानं. थेंबसुद्धा नको होता. मगनभाईनं तोवर बुडालेलं इंजिन रिकामं करून, वाळवून, तेल बदलून चालू केलं. तो रागावला असता तर चाललं असतं, पण तो एवढंच म्हणाला, की गाडी पळते हे तर कळलं, आता तरंगती पण कर, बेन.

या वेळी तिनं कोणाला बोलावलं नाही. ती आणि मगनभाई, दोघंच ओवाऱ्यावर गेले. फेऱ्या झाल्या की प्रत्येक वेळी ती झाकण उघडायला लावायची आणि आत हात फिरवायची. हात कोरडा यायचा. तरी तिचं समाधान होईना. जन्मभर थेंब बघून बरं वाटायची सवय, आता थेंब नाही म्हणून बरं वाटायचं, ते मनाला लवकर पटत नव्हतं. मगनभाई कंटाळला तरी तिनं त्याला दुपारभर पाण्यात पळवलं.

कानबाईला राघोच्या घरी रोट झाले. भाऊबंद जमले, पुरणाचा वास गल्लीभर सुटला, रात्रभर बायांनी गाणी म्हटली. दुसऱ्या दिवशी सोमवारी नथ ल्यायलेली कानबाई डोक्यावरच्या चौरंगावर बसून तापीला निघाली. चौरंग आळीपाळीनं बाया घेत होत्या आणि पाण्याशी आल्यावर तो अनुसयाच्या डोक्यावर आला. नदी भरून लाल वाहत होती. मंडळानं बांधलेल्या दोराच्या आत बाया उतरल्या, फुगड्या, आरत्या, वाजंत्री, काही ऐकू येईना असा गोंधळ. अनुसया गुडघाभर पाण्यात, डोक्यावर देवी, आणि तिचे कान मात्र दोरापलीकडे लागलेले. मगनभाई स्कूटर घेऊन ओढीच्या विरुद्ध एका जागी उभा होता. त्या गोंधळातही तिला पंपाचा आवाज एकसारखा येत होता. कुठं खरखर नाही, कुठं बसका नाही. देवीसमोर उभं राहून पंप ऐकतेय, देवी काय म्हणेल, असंही तिच्या मनात आलं. पण तिला वाटलं, देवीही खानदेशातली, तापीकाठची, तिला कळेल.

दुसऱ्या एका घरची एक म्हातारी दोराबाहेर गेली, ती कशी गेली कोणालाच कळलं नाही. आरोळी उठली तोवर लाल लुगडं ओढीत लागलं होतं. अनुसयानं डोक्यावरचा चौरंग दोन्ही हातांनी घट्ट धरला. तिला दुसरं काहीच करता येत नव्हतं. जे करायचं होतं ते तिनं आधीच केलेलं होतं. पंपाचा आवाज चढला, फवारा उठला, आणि म्हातारीचं डोकं खाली जाण्याआधी मगनभाईनं तिच्या दंडाला धरलं. काठाला आणली तेव्हा ती खोकत होती आणि आपली एक बांगडी गेली म्हणून बोंब मारत होती. सगळे हसले. अनुसयानं चौरंग पुढच्या बाईच्या डोक्यावर दिला आणि पाण्यातच खाली बसली.

मंगळवारी सकाळी राघो दुकानात आला. बरोबर भाऊबंदांतले दोन मोठे होते. आदल्या दिवशीचं सगळ्यांनी बघितलं होतं, तरी रीत म्हणून ते खाटेसमोर उभे राहिले. अनुसया मागे टेबलाशी एका मिलचा पंप उघडत होती, तिचं लक्ष नाही असं ती दाखवत होती. राघोनं चप्पल काढली, भावाच्या पायाशी बसला आणि विचारलं, की दादा, मग दुकानाचं काय ठरलं?

भाईदासनं त्याच्याकडे बघितलं, मोठ्यांकडे बघितलं, आणि डावा हात उचलून मागे केला.

“माले काय इचारस? फिटर तठे बठेल शे. तिले इचार.”

तिघेही वळले. खाटेसमोर उभं राहून टेबलाकडे वळायला त्यांना अंमळ वेळच लागला. अनुसयानं पाना पुन्हा लावला. पंपाचा बोल्ट अर्धवट सुटून अडकला होता आणि पंप वाइसमध्ये हलत होता. तिनं वर न बघताच सांगितलं, की राघोभाऊ, बोलू नंतर, आधी इकडे येऊन हा पंप घट्ट धरा. राघो उठला, बाह्या वर सारल्या आणि त्यानं पंप धरला.